पुड्यात ७० पानं, पण चांगली बाई किती पानांची?

(प्रभाग संघाच्या सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)

सगळ्या सतरंजीवर बसल्या आहेत, म्हणून मीही बसूनच बोलते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावश्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा, लाजू नका.

मला विषय दिला आहे आत्मसन्मान. शब्द जड आहे. समाजकार्याच्या शिक्षणात यावर आम्हाला अख्खा पेपर होता आणि त्यात तीन शब्द होते, स्व-प्रतिमा, आत्मसन्मान आणि मापदंड. आपल्या भाषेत सांगते. ‘मी कोण’ याचं जे चित्र आपल्या मनात असतं, ती स्व-प्रतिमा. ते चित्र बघून आपल्याला आपली जी किंमत वाटते, तो आत्मसन्मान. आणि ही किंमत आपण ज्या मापाने काढतो, तो मापदंड. पहिल्या दोन गोष्टींवर भाषणं खूप होतात. मी आज जास्त बोलणार आहे ती मापाबद्दल.

मे महिन्यात आपण तेंदूपत्ता तोडायला जातो. पहाटे अंधारात निघायचं, दुपारी घरी येऊन सगळ्यांनी मिळून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. एका पुड्यात पानं ७०. अशा १,००० पुड्यांची एक गोणी. हे लहान पोरालाही माहीत आहे. फळीवर कोणी म्हटलंच की पुडा बारीक दिसतो, तर आपण काय करतो? सुतळी सोडतो आणि मोजून दाखवतो. भांडण तिथेच मिटतं.

आता मला सांगा, चांगली सून म्हणजे किती पानांचा पुडा? चांगली आई किती पानांची? आकडा कोणी सांगितलेला नाही, तरी मोजतात सगळेच. आज सासू म्हणते कमी भरली, उद्या जाऊ म्हणते, परवा शेजारीण. आणि आपण सुतळीसुद्धा सोडत नाही. मनातल्या मनात म्हणतो, ‘कमीच असन बाप्पा.’

रोजचे दिवस सारखे असले की हे चालून जातं. अडतं ते आयुष्य वळतं तेव्हा. लग्न झालं, बाळ झालं किंवा झालंच नाही, नवरा गेला, पोरगी सासरी गेली, घरात सून आली, पाळी गेली, गटाचं अध्यक्षपद मिळालं, तीन वर्षांनी ते दुसरीकडे गेलं. अशा वेळी जुनं चित्र अंगाला बसत नाही आणि नवीन अजून तयार झालेलं नसतं. मग जे माप जवळ पडलेलं असेल तेच आपण उचलतो, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं असतं.

लग्नाचंच बघा. वीस-एकवीस वर्षांची पोरगी माहेरी रोवणीत सगळ्यांच्या पुढे असते, गोटुलात किंवा मंडईच्या नाटकाला मैत्रिणींच्या घोळक्यात असते, बारावीपर्यंत शिकलेली असते. सासरी आली की ती ‘अमक्याची बायको’. काही घरांत तर नावही बदलतात. सहा महिन्यांनी गटात आली आणि मी विचारलं, ताई तुम्हाला काय काय येतं, की उत्तर येतं, ‘मले काय येते, मॅडम?’ तिला येतं सगळंच. पण जे येतं ते ओळखणारं माणूस या गावात कोणी नाही. तिचं कौशल्य कुठे गेलेलं नाही, त्याचे साक्षीदार तेवढे माहेरी राहिले. म्हणून नव्या सुनेला गटात घेताना फक्त आधार कार्ड आणि फोटो मागू नका. माहेरी काय करत होतीस, हे विचारा. आणि सगळ्यांसमोर विचारा.

विल्यम जेम्स नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याने १८९० मध्ये एका जाड पुस्तकात आत्मसन्मानाचं एक गणित मांडलं. यश भागिले अपेक्षा. वर जे जमलं ते, खाली जे जमायला हवं होतं असं आपल्याला वाटतं ते. दोन बाया आहेत, दोघींनी गटातून कर्ज घेऊन शेळ्या घेतल्या, दोघींना वर्षाला सारखाच पैसा सुटला. एकीने ठरवलं होतं की पोराच्या शाळेचा खर्च निघाला तरी पुरे. दुसरीला वाटत होतं, पक्कं घर उभं राहील. पहिली ताठ चालते, दुसरी मान खाली घालून. पैसा दोघींच्या हातात तेवढाच आहे.

आता कोणी म्हणेल, मग सोपं आहे, खालचा आकडा लहान करून टाका. अपेक्षाच ठेवू नका, सुखी राहा. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बाईला हे पिढ्यान्पिढ्या सांगून झालं आहे. अंथरूण पाहून पाय पसर. अंथरूण लहान का आहे, हे विचारायचं नाही.

खालचा आकडा फार लहान झाला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि जगभर गाजला. तपासलेल्या ६५० बायांपैकी ९२ टक्के बायांना अंगावरून जाणं, सूज, जंतुसंसर्ग असा कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून जास्त. आणि यापूर्वी अशी तपासणी किती जणींची झाली होती? शंभरात जेमतेम आठ.

या आकड्यांत मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. तक्रार सांगणाऱ्या बाया शंभरात साधारण पंचावन्नच होत्या. म्हणजे कितीतरी जणींना रोग होता आणि त्यांच्या लेखी तो रोगच नव्हता. लाज हे कारण आहेच, दवाखाना लांब हेही आहे, काही दुखणी आतल्या आत असतात आणि कळतही नाहीत. पण आजही गावागावांत मी ऐकते, ‘बाईच्या जातीले एवढं तं राहणारच.’ कंबर दुखणारच, अंगावरून जाणारच. हेही एक मापच आहे ना? आपल्या शरीराला आपण किती बरं ठेवायचं, याचं माप. ते कोणीतरी इतकं खाली नेऊन ठेवलं आहे की दुखणं म्हणजेच तब्येत ठीक, असा अर्थ झाला. पाळी जायला लागली की हे अजून वाढतं. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या मावश्या सांगतात, रात्री घामाने जीव जातो, चिडचिड होते, झोप नाही. आणि लगेच पुढे म्हणतात, ‘आता का, म्हातारीच झालो.’ अहो, कशाची म्हातारी! तुमच्यासमोर अजून तीस-तीस वर्षं आहेत. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तो वयाचा भाग समजू नका, लगेच दाखवा. आशाताईला सांगा, मला सांगा. हे आजच्या विषयाबाहेरचं वाटेल, पण वाटू द्या.

एकीकडे माप असं जमिनीला टेकलेलं, तर दुसरीकडे आभाळाला. तब्येत, आराम, स्वतःचं नाव, हातखर्च, इथे बाईसाठी सगळं थोडकं चालतं. त्याग, सहन करणं, सगळ्यांच्या आधी उठणं आणि सगळ्यांच्या नंतर जेवणं, इथे मात्र कितीही केलं तरी पुडा भरत नाही. मी गटांच्या सभेत बसते तेव्हा मला हेच दिसतं. त्याच बाईचं एक माप फार लहान आहे आणि दुसरं फार मोठं, आणि दोन्हींपैकी एकही तिने स्वतः ठरवलेलं नाही.

टोरी हिगिन्स नावाच्या दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक चांगली गोष्ट मांडली. मी ती माझ्या शब्दांत सांगते. प्रत्येकीच्या आत तीन बाया बसलेल्या असतात. एक, मी आता जशी आहे ती. दुसरी, मला जशी व्हावंसं वाटतं ती. तिसरी, मी जशी असायलाच पाहिजे असं सगळे म्हणतात ती. पहिली आणि दुसरी यांच्यात अंतर पडलं की मन उदास होतं, रिकामं वाटतं. पहिली आणि तिसरीत अंतर पडलं की भीती वाटते, अपराधी वाटतं, छातीत धडधडतं. म्हणून मन बिघडलं की आधी नीट बघायचं, उदास वाटतंय की भीती वाटतेय? उदास वाटत असेल तर आपली स्वतःची काही इच्छा मागे पडली असेल. भीती वाटत असेल तर बहुतेक कोणीतरी दारात माप घेऊन उभं आहे.

तिसरी बाई सगळ्यात जोरात बोलते ती नवरा गेल्यावर. आपल्याकडे हे सांगावंच लागतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात मोह वेचायला, सरपणाला, गुरं घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत येत नाही. वाघाने नेलं असं कळतं. वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो, भरपाईचे कागद होतात. ते सगळं व्हायलाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात घरात दुसरा पंचनामा चालू असतो. पायगुणच तसा, असं बोललं जातं. बांगड्या, कुंकू, जोडवी जातात. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. पुढच्या महिन्यात ती गटाच्या सभेला आली तर दाराजवळ बसते, जिथे पूर्वी रजिस्टर घेऊन मध्यभागी बसायची. चार महिन्यांनी बचत थकते आणि मग नाव कमी करण्याचा विषय निघतो. सगळ्या समाजांत हे सारखं नाही, हेही खरं. गोंड, माडिया समाजात दुसऱ्या लग्नाला एवढा अडसर नाही. पण गाव मिश्र असलं की एकाचं माप दुसऱ्याच्या घरी लवकर पोचतं.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्य सरकारने परिपत्रक काढलं की इतर ग्रामपंचायतींनीही या ठरावाचं अनुकरण करावं. म्हणजे तो कागद आपल्या ग्रामपंचायतीलाही लागू पडतो. ठरावाने एका दिवसात मन बदलत नाही, मला माहीत आहे. पण एक गोष्ट होते. आतापर्यंत जिने कुंकू ठेवलं तिला उत्तर द्यावं लागत होतं. ठराव झाला की जो हात तिच्या कपाळाकडे जातो त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि ठराव ग्रामपंचायतीने करायचा म्हणून आपण वाट बघायची गरज नाही. गटाच्या रजिस्टरमध्ये आजच लिहिता येतं की आमच्या गटातली बाई विधवा झाली तर तिचं पद तेच राहील, बसायची जागा तीच राहील, आणि तीन महिन्यांची बचत थकली तर दंड नाही. पंचसूत्रीत नियमित बचत आहे, बरोबर. पण बाई टिकली तर बचत टिकेल ना?

नुसतं ‘मन खंबीर ठेवा’ म्हणून होत नाही, असं मला वाटतं. माणसाचं स्वतःबद्दलचं चित्र कागदानेही बदलतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. जंगलातून बांबू आणला की पूर्वी आपल्या माणसाला चोर म्हणायचे. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढा गावाला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबू तोच होता, माणसंही तीच. आधी चोर होती, आता मालक झाली. अर्थात कागद झाडावरून पडला नाही. त्याच्या आधी गावाने कितीतरी वर्षं ग्रामसभा घेतल्या, अभ्यास केला. तोवर बाहेरचे चोर म्हणत होते, पण गाव स्वतःला तसं म्हणत नव्हतं.

मग बाईचा कागद कुठे आहे? त्याच वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलं आहे की लग्न झालेल्या माणसाला वैयक्तिक पट्टा द्यायचा तर तो नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. घरी गेल्यावर पेटीतला पट्टा काढून बघा, तुमचं नाव आहे का. शेती नवऱ्याच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं, तलाठी कार्यालयात विचारा. घराचा नमुना ८ दोघांच्या नावाने करता येतो, तो ग्रामपंचायतीत. नवरा गेल्यानंतर ‘या घरात मी कोण?’ हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. तेव्हा कागदावर नाव असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

आता एक अवघड गोष्ट. इथे वैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही बाजूंच्या बाया बसल्या आहेत. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे, लोकांच्या आंदोलनातून आलेली. चंद्रपूरच्या बायांनीही तेच मागितलं. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. तुमच्यापैकी काही जणी त्यात होत्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली.

बंदी असावी की नसावी, तिचा फायदा झाला की चोरटी दारू वाढली, यावर आज वाद घालायचा नाही. मी वेगळं सांगते आहे. बंदी उठली त्यानंतर काही गावांत मी मोठ्या बायांशी बोलले. ज्या बाया पोलीस ठाण्यात पाटलाच्याही आधी बोलायच्या, त्या म्हणाल्या, ‘आता का राहिलं? एवढं चाललो, सगळं पाण्यात गेलं.’ काही जणींनी ग्रामसभेला जाणंच सोडलं. त्यांच्या मनातलं चित्र होतं, मी दारू बंद करणारी बाई. दारू सुरू झाली, तर मग मी कोण?

मला हे हिशेबात चुकीचं वाटतं. बंदी राहणं न राहणं हा मंत्रिमंडळाचा निर्णय. तो आपल्या हातातला पुडा नव्हता. आपल्या हातात होतं ते म्हणजे घराचा उंबरठा ओलांडणं, पायाला फोड येईपर्यंत चालणं, अधिकाऱ्याच्या डोळ्यात बघून बोलणं. ते कोणत्याही आदेशाने रद्द होत नाही. चालायला लागल्यापासून तुम्हाला बोलता येतं, हे २०२१ नंतरही खरंच आहे. जेम्सच्या गणितात खाली कोणता आकडा लिहायचा, हा प्रश्न इथे खरा लागतो. जे आपल्या हातात नव्हतंच ते खाली लिहिलं, तर बेरीज कायम उणीच येणार.

मावश्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हे गोड बोलत नाही. वाईट वाटणारच, आणि वाटू द्या. पण उदास वाटणं वेगळं आणि आपण फुकट गेलो असं समजणं वेगळं.

असंच थोडं गटातही होतं. अध्यक्षपद दुसरीकडे गेलं की जुन्या अध्यक्षताई सभेला उशिरा यायला लागतात. बँकेत जाणारी दुसरी, सही करणारी दुसरी. घरात सून आली आणि चूल तिच्या हातात गेली की सासूचंही तेच होतं, फक्त ती ते भाजीत मीठ कमी आहे असं बोलून दाखवते. (हसू नका, पुढच्या ओळीतल्या तिघी सासवा आहेत.) पद बदलायलाच पाहिजे, दुसऱ्या बायांनाही शिकायचं आहे. पण जिच्याकडून पद गेलं तिच्याकडचं काम लगेच ठरवा. नव्या अध्यक्षाला बँकेत घेऊन जाणं, दुसऱ्या गावचा गट उभा करणं, नव्या सुनांना हिशेब शिकवणं. सन्मान म्हणून नारळ-शाल पुरत नाही, ती दुसऱ्या दिवशी पेटीत जाते.

तर आता कामाचं. प्रत्येक गटाने आपल्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एक यादी करायची. या वर्षात आपल्या गटात कोणाच्या आयुष्यात वळण आलं? नवीन लग्न, बाळंतपण, मूल पोटात गेलं, नवरा गेला, नवरा काम शोधायला तेलंगणात गेला आणि फोन नाही, पोरगी सासरी गेली, ऑपरेशन झालं, पद गेलं. नावं लिहा. पुढच्या सभेच्या आधी दोघी-दोघींनी प्रत्येकीच्या घरी जायचं. उपदेश करायला जायचं नाही. दोनच गोष्टी विचारायच्या. तुला सध्या सगळ्यात जास्त काय लागतं मनाला? आणि हे कमी आहे असं तुला कोण म्हणतं, तू की दुसरं कोणी? तिने उत्तर दिलं नाही तर बसून राहायचं, चहा प्यायचा, परत यायचं. एखादी जेवत नसेल, झोपत नसेल, जगून काय फायदा असं बोलत असेल, तर मात्र तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात घेऊन जा. टेलि-मानस म्हणून सरकारचा फोन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी लागतो. नंबर आत्ताच लिहून घ्या, मी पुन्हा सांगते, १४४१६.

मागच्या मावशींनी हात वर केला आहे. त्या म्हणतात, यादीत त्यांचंच नाव पहिलं लिहा. लिहिते, मावशी. चहा आला आहे, तो घेऊ आणि मग प्रत्येक ग्रामसंघाने आपापला गोल करून याद्या करायला बसू. पेन माझ्याकडे आहेत.